वजन वाढलं की पोरं आधी काय काय सोडतात

वजन जास्त असलेल्या मुलाबद्दल घरात काळजी सुरू होते ती शुगर, बीपी, थायरॉइड, पीसीओडी या शब्दांनी, आणि ती काळजी बरोबरच आहे, पण हे आजार यायला बहुतेक वेळा वर्षं लागतात. त्याच्या कितीतरी आधी एक गोष्ट सुरू झालेली असते जी कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. पोरगं एकेक गोष्ट सोडायला लागतं. आधी पीटीचा तास, मग संध्याकाळी खाली खेळायला जाणं, मग गॅदरिंगचा डान्स, मग स्विमिंग, मग ग्रुप फोटो, मग नातेवाईकांची लग्नं. प्रत्येक वेळी कारण वेगळं असतं, पोट दुखतंय, अभ्यास आहे, कंटाळा आलाय, मला ते आवडतच नाही, आणि घरच्यांना ते पटतंही कारण सुटं सुटं बघितलं तर त्यात विशेष काहीच नसतं.

हा लेख त्या सोडण्याबद्दल आहे. माझं स्पष्ट मत आहे की जास्त वजनाच्या पोराकडे बघताना काट्यावरच्या आकड्याच्या आधी, गेल्या दोनेक वर्षांत त्याने काय काय करायचं बंद केलं ते बघा. त्याचं रोजचं जगणं किती आक्रसलंय ते त्यातून कळतं, आणि त्यातलं बरंचसं वजन एक किलोनेही कमी न होता परत मिळवता येतं. कसं ते पुढे सांगते, आधी प्रश्न केवढा आहे ते बघू.

मार्च 2024 मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये जगभरातल्या वजनांचा एक मोठा अभ्यास आला. त्यातल्या अंदाजानुसार 2022 साली भारतात 5 ते 19 वयाची साधारण सव्वा कोटी मुलं-मुली लठ्ठ गटात होती, आणि 1990 साली हा आकडा 4 लाखांच्या आसपास होता. 2025 मध्ये युनिसेफने सांगितलं की याच वयात जगभरात पहिल्यांदाच लठ्ठ मुलांचं प्रमाण कमी वजनाच्या मुलांपेक्षा वर गेलंय, 9.4 टक्के आणि 9.2 टक्के. आपल्याकडे तर दोन्ही एकदम चाललंय, मेळघाट नंदुरबारच्या कुपोषणाच्या बातम्या अजून थांबलेल्या नाहीत आणि त्याच राज्यात पुण्या-मुंबईच्या शाळांत उलटा प्रश्न उभा आहे, कधीकधी तर एकाच घरात आईचं हिमोग्लोबिन खाली आणि मुलाचं वजन वर.

आता लठ्ठ म्हणायचं कोणाला. बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे आता बहुतेकांना माहितीये. जगात 25 च्या वर जास्त वजन आणि 30 च्या वर लठ्ठ धरतात, पण आपल्या लोकांसाठी डॉक्टर 23 आणि 25 ला सावध होतात कारण आपल्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त असते. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुण्याचंच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3, पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. 2004 साली लॅन्सेटमध्ये दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला होता. मुलांसाठी मात्र हे मोठ्यांचे आकडे सरळ लावायचे नाहीत हं, वाढत्या वयात बीएमआय बदलत राहतो म्हणून वय आणि मुलगा की मुलगी त्याप्रमाणे तक्ते असतात, भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे 2015 चे तक्ते आहेत, तुमच्या मुलांच्या डॉक्टरांकडे असतील. इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये बारा वर्षांच्या मुलीचं वजन टाकून तिला आकडा वाचून दाखवू नका.

आणि जानेवारी 2025 मध्ये अजून एक महत्त्वाचा बदल झाला ज्याबद्दल मराठीत फार कमी बोललं गेलंय. जगभरातल्या तज्ज्ञांच्या एका गटाने, तेही लॅन्सेटच्याच एका जर्नलमधून, सांगितलं की नुसत्या बीएमआयवरून लठ्ठपणाला आजार म्हणू नका. चरबी जास्त आहे पण शरीर नीट चाललंय ती एक अवस्था, आणि चरबीमुळे अवयवांचं काम बिघडलंय किंवा रोजच्या हालचालींना अडथळा येतोय ती दुसरी, आणि या दुसरीला आजार म्हणा. त्यासाठी त्यांनी मोठ्यांसाठी 18 आणि मुलांसाठी 13 खुणा दिल्या. त्यात दम लागणं आहे, गुडघ्याचं दुखणं आहे, आणि अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं यांत अडचण येणं हेसुद्धा आहे. म्हणजे डॉक्टरांच्या जगातसुद्धा "याला रोजचं काय करता येत नाही" हा प्रश्न आता अधिकृतपणे आलाय.

शरीर, हालचाल आणि चार लोकांत असणं

हे समजून घ्यायला एक चांगली मांडणी आहे, जागतिक आरोग्य संघटनेची, 2001 सालची. कुठल्याही आजाराचा परिणाम त्यात तीन पातळ्यांवर बघतात. एक, शरीरात काय बिघडलं. दोन, त्यामुळे कुठली कामं जमेनाशी झाली. तीन, त्यामुळे माणूस चार लोकांत कुठे कुठे सामील होईनासा झाला. आणि या तिन्हींच्या भोवती परिस्थिती, म्हणजे घर, शाळा, जिने, माणसं, त्यांची तोंडं.

समजा पंधरा वर्षांचा मुलगा आहे. गुडघा दुखतो आणि दम लागतो, ही झाली शरीराची पातळी. तीन मजले चढणं जड जातं, ही कामाची. आणि त्याचा मित्र तिसऱ्या मजल्यावर राहतो, तिथे सगळे मॅच बघायला जमतात, तिथे हा जात नाही, ही सहभागाची. आता गुडघा तोच, दम तोच, पण बिल्डिंगला लिफ्ट असती तर तो गेला असता. किंवा लिफ्ट नसूनही मित्र त्याच्याबरोबर सावकाश चढले असते आणि वर पोचल्यावर कोणी "आला बघा, जिना हलला" म्हणालं नसतं तरी गेला असता. म्हणजे पहिल्या पातळीवर काहीही न बदलता तिसरी बदलू शकते. आपण मात्र सगळा जोर पहिल्या पातळीवर लावतो, आधी वजन कमी कर मग बाकीचं बघू.

शरीराच्या पातळीवर नेमकं काय होतं ते जरा खोलात सांगते, कारण "आळशी आहे" हा शिक्का इथूनच बसतो.

सारख्या वेगाने चालताना जड मुलाला जास्त ऊर्जा लागते, कारण प्रत्येक पावलाला जास्त वस्तुमान उचलायचंय. त्याची फुप्फुसं आणि हृदय एकूण जेवढा ऑक्सिजन पुरवू शकतात तो बाकीच्यांइतका असतो, कधी थोडा जास्तही, पण दर किलोमागे बघितलं तर कमी पडतो. म्हणून ज्या वेगाला त्याचे मित्र गप्पा मारत चाललेत त्या वेगाला हा आपल्या क्षमतेच्या वरच्या टोकाला पोचलेला असतो. पाठीवर वीस किलोचं तांदळाचं पोतं बांधून सिंहगड चढायला सांगितलं तर तुम्ही-आम्ही कितीवेळा बसू, याने ते पोतं उतरवायची सोय नसताना तोच चढ चढलेला असतो आणि तरी खाली आल्यावर ऐकतो की हा सगळ्यात मागे होता.

सांध्यांचं पण तसंच. गुडघेदुखी असलेल्या वयस्क जाड लोकांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की एक किलो वजन कमी झालं की चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला साधारण चार किलोने कमी होतो. तळपाय सपाट होतात, मांड्या एकमेकींना घासून सोलवटतात, उन्हाळ्यात घामाने कातडीच्या घड्यांमध्ये फंगल इन्फेक्शन होतं आणि ते इतकं चुरचुरतं की चालणंच नको वाटतं. हे पोरं आईला पण सांगत नाहीत, लाज वाटते. उकाडाही जास्त जाणवतो, कारण शरीराच्या आकारमानाच्या मानाने उष्णता बाहेर टाकायला कातडी कमी पडते, म्हणून मार्च-एप्रिलमधला दुपारचा पीटीचा तास त्याच्यासाठी वेगळाच असतो.

मग आपल्याकडच्या खास हालचाली. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं. पंगतीत बसायचं, शाळेच्या प्रार्थनेला जमिनीवर बसायचं, आरतीनंतर खाली बसून प्रसाद घ्यायचा, आणि बसण्यापेक्षा उठताना त्रास, एक हात जमिनीला टेकवून, आधी गुडघ्यावर येऊन, मग उभं राहायचं आणि ते सगळ्यांसमोर. शाळेत भारतीय पद्धतीचा संडास असेल तर काही मुलं दिवसभर पाणीच पीत नाहीत, जायला लागू नये म्हणून. यावर कोणी बोलत नाही पण तुम्ही एकदा डब्याबरोबरची बाटली संध्याकाळी बघा, भरलेलीच परत येत असेल तर रागावण्याआधी हे विचारून बघा.

माझ्या भाचीला मी एकदा बुटाची लेस बांधताना बघितलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली, पाय दुसऱ्या मांडीवर ओढून घेतला, श्वास रोखला, चेहरा लाल झाला, पटकन गाठ मारली, पाय सोडला आणि मोठा श्वास घेतला, मग दुसरा पाय. पुढे वाकलं की पोट वर दाबलं जातं, छातीच्या खालच्या पडद्याला जागा राहत नाही म्हणून श्वास अडकतो, साधं कारण आहे. पुढच्या वेळी तिने बिनलेसचे बूट घेतले. मग शाळेने स्पोर्ट्स डेला लेसचेच बूट सक्तीचे केले आणि ती त्या दिवशी आजारी पडली. हे असं होत जातं, लेसपासून स्पोर्ट्स डेपर्यंत, आणि मधली साखळी कोणाला दिसत नाही.

झोपेचं एक सांगायलाच हवं. घोरणाऱ्या मुलाला आपण गाढ झोपलाय म्हणतो. जास्त वजनात गळ्याभोवतीच्या चरबीने श्वासनलिका झोपेत अर्धवट बंद होऊ शकते, श्वास मध्येच थांबतो, मेंदू जागा होतो, परत झोपतो, रात्रभर हेच. मग सकाळी उठवत नाही, वर्गात डुलक्या, चिडचिड, मार्क खाली. शिक्षक म्हणतात खाऊन सुस्तावतो. घोरणं रोजचं असेल, मध्ये श्वास थांबल्यासारखा वाटत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, झोपेची तपासणी होते, उपचार आहेत, आणि झोप सुधारली की दिवसा खेळायची ताकद आपोआप येते.

आणि मान. मानेच्या मागे, काखेत काळपट जाडसर मखमलीसारखी कातडी होते. घरोघरी त्यावर बेसन, लिंबू, दगड, सगळं घासून होतं, "नीट अंघोळ करत नाही" म्हणून बोलणी बसतात, वर्गात पोरं "मळका" म्हणतात. तो मळ नसतो. शरीरात इन्सुलिनचं प्रमाण वाढलं की कातडी अशी होते, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण आहे, घासून जात नाही, उलट सोलवटते. ती बघून डॉक्टरांकडे जायचं असतं. किती मुलं या डागापायी कायम कॉलरचे शर्ट घालतात आणि मुली केस मोकळे सोडतात त्याला हिशोब नाही.

माणसांचं काय होतं

आता ज्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं त्याकडे येते.

अमेरिकेत नव्वदच्या दशकात 13 ते 18 वयाच्या हजारो शाळकरी मुलांना आपल्या जवळच्या मित्रमैत्रिणींची नावं लिहायला सांगितली होती. 2003 साली त्यावरून वजन आणि मैत्री यांचा अभ्यास छापून आला. जाड मुलांनी साधारण तेवढीच नावं लिहिली जेवढी बाकीच्यांनी लिहिली. पण त्यांचं स्वतःचं नाव बाकीच्यांच्या यादीत कमी वेळा आलं, आणि एकाच्याही यादीत नाव नाही अशी मुलंही त्यांच्यात जास्त निघाली. मला हा अभ्यास वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण म्हणजे ही मुलं माणूसघाणी नाहीयेत, त्यांच्या मनात मित्र आहेत, त्या मित्रांच्या मनात ही नाहीत.

त्याच्याही आधी, 1961 साली, दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा चित्रं दाखवून कोण सगळ्यात आवडतं असं विचारलं होतं. एक धडधाकट मूल, एक कुबड्या घेतलेलं, एक व्हीलचेअरवरचं, एकाचा हात नसलेला, एकाच्या चेहऱ्यावर व्यंग आणि एक जाड. जाड मूल शेवटी आलं. चाळीस वर्षांनी तोच प्रयोग परत केला, तोपर्यंत जाड मुलांची संख्या कितीतरी वाढली होती, वाटलं असतं सवय झाली असेल, तर नावड आणखी वाढलेली निघाली. आपल्याकडचे वर्ग मी बघते तेव्हा तेच दिसतं, पूर्वी वर्गात एखादा असायचा आता चार-पाच असतात आणि तरी प्रत्येकाला नाव ठेवलेलंच असतं.

घरात सुरुवात लाडाने होते हे मान्य करायला हवं. बाळ असताना बाळसं, मग गोलू, मोटू, "खात्यापित्या घरचा दिसतो". आजीला दुसरी पोळी वाढल्याशिवाय चैन नाही. आणि मग तेराव्या-चौदाव्या वर्षी एकदम सूर बदलतो, त्याच मुलीला लग्नकार्यात भेटलेली प्रत्येक बाई नमस्काराच्या आधी "केवढी सुटलीस गं!" म्हणते. तिच्या बाजूने विचार करा, दहा वर्षं जे अंग कौतुकाचं होतं ते एका वर्षात लाजेचं झालं आणि मधे काय घडलं ते तिला कोणी सांगितलं नाही. "हिचं पुढे कसं होणार" हे तर तिच्यासमोर बोललं जातं, जणू ती तिथे नाहीच.

कपड्यांचं दुकान ही वेगळीच जागा आहे. "यात यांची साइझ नाही येणार" असं सेल्समन आईकडे बघून म्हणतो, मग आई म्हणते बारीक झालीस की घेऊ. हे "बारीक झाल्यावर" फार धोकादायक आहे. बारीक झाल्यावर ड्रेस, बारीक झाल्यावर ट्रेक, बारीक झाल्यावर गरबा, बारीक झाल्यावर कोणाला आवडतोस म्हणून सांगायचं. वय सोळा ते बावीस ही वर्षं त्या रांगेत उभी राहून संपतात, आणि त्याच वर्षांत माणूस मैत्री करायला, भांडायला, चार लोकांत बोलायला शिकत असतो. नंतर वजन कमी झालं तरी ते शिकणं मागे पडलेलं असतं.

मुलांचंही कमी नाही, फक्त ते बोलत नाहीत. छातीवर चरबी आलेल्या मुलाला मस्करी म्हणून हात लावणं, चिमटे काढणं हे शाळा-हॉस्टेलमध्ये सर्रास चालतं आणि ती मस्करी नाहीये, दुसऱ्याच्या अंगाला न विचारता हात लावणं आहे, शाळांनी ते तसंच हाताळायला हवं. मग तो स्विमिंग सोडतो, ढगळ टीशर्ट आणि उन्हाळ्यात जॅकेट सुरू होतं. शेअर रिक्षात मागे तिसरा म्हणून बसताना बाकीच्या दोघांचे चेहरे तो वाचतो, लोकलमधल्या चौथ्या सीटवर तो बसतच नाही, उभा राहतो. कॅन्टीनमध्ये "अजून एक वडापाव?" असं कोणी म्हणू नये म्हणून सगळ्यांसमोर खातच नाही आणि घरी येऊन एकटा खातो. ग्रुपचा फोटो काढायला नेहमी हाच पुढे, कारण फोटो काढणारा फोटोत येत नाही.

2003 साली अमेरिकेत लठ्ठपणासाठी हॉस्पिटलमध्ये पाठवलेल्या, खूप जास्त वजनाच्या मुलांना रोजच्या जगण्याबद्दल प्रश्न विचारले, चालणं, खेळणं, शाळा, मित्र, मन. त्यांची उत्तरं कॅन्सरची केमोथेरपी चाललेल्या मुलांच्या उत्तरांइतकी खाली होती. थोडंसं वजन जास्त असलेल्या प्रत्येक मुलाला हे लागू होत नाही, आणि अगदी मजेत जगणारी, कशाचीही पर्वा न करणारी जाड पोरं पण असतात, बहुतेक वेळा त्यांच्या मागे एखादा जिवाभावाचा मित्र किंवा न टोकणारं घर असतं. पण ज्यांना हे होतं त्यांना किती होतं ते कळावं म्हणून सांगितलं.

याचं चक्र कसं बनतं ते आता उघड आहे. चिडवलं म्हणून खेळ सोडला, खेळ सोडला म्हणून स्टॅमिना गेला, वजन वाढलं, वजन वाढलं म्हणून अजून चिडवलं. मधे मन येतं. 2010 साली अनेक अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा लठ्ठ लोकांना पुढे डिप्रेशन येण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा 55 टक्क्यांनी जास्त निघाली, आणि डिप्रेशन असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची 58 टक्क्यांनी. दोन्हीकडून वाट आहे. त्यामुळे "टोमणे मारले की लाजेखातर तरी कमी करेल" हे जे लोकांना मनापासून वाटतं ते साफ चुकीचं आहे, लाजेने माणूस बाहेर पडायचा बंद होतो आणि खाण्यात आधार शोधतो. वर वजनाचा मोठा भाग आनुवंशिक असतो, जुळ्यांच्या अभ्यासात तो साधारण 40 ते 70 टक्के निघतो, आणि काही थोड्या मुलांत तर भूक ताब्यात ठेवणाऱ्या एका जीनमध्येच बिघाड असतो, त्यांना खरोखर बाकीच्यांपेक्षा जास्त भूक लागते. जीन तेच असताना तीस वर्षांत आकडे एवढे वाढले कारण भोवतालचं जग बदललं, मैदानांवर पार्किंग आलं, शाळेनंतर क्लास आला, पाच-दहा रुपयांचं पाकीट प्रत्येक टपरीवर आलं. शाळेपासून 50 मीटरच्या आत असे जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकायचे नाहीत असा 2020 चा नियम आहे, तुमच्या मुलांच्या शाळेच्या गेटवर उभं राहून बघा तो किती पाळला जातो. यातलं काहीही त्या पोराने केलेलं नाही.

मग करायचं काय

मुलाबरोबर बसून, शांतपणे, काय काय सोडलं आणि त्यातलं काय परत करावंसं वाटतं ते विचारा. वजनाचा विषयच नको. तो म्हणाला क्रिकेट, तर अडलंय कुठे ते शोधा, धावण्यात की चिडवण्यात, दोन्हीला उपाय वेगळे. धावणं असेल तर विकेटकीपिंग, स्लिप, बोलिंग आहे. चिडवणं असेल तर दुसरा ग्रुप शोधा, मोठ्यांनी मध्ये पडा.

जड शरीराला जमणारे, किंबहुना त्याची गरज असणारे प्रकार कमी नाहीत. गोळाफेक, कुस्ती, ज्युदो, वेटलिफ्टिंग, या मुलांची ताकद बऱ्याचदा बाकीच्यांपेक्षा जास्त असते कारण त्यांचे स्नायू रोज जास्त भार उचलतातच. दहीहंडीत खालच्या थराला भक्कम पोरंच लागतात, त्यांच्याशिवाय वरचा एकही थर लागत नाही. सायकलवर वजन सीट घेते, पाण्यात पाणी घेते, म्हणून सायकल आणि पोहणं गुडघ्यांना सोपं. पोहायला पूर्ण बाह्यांचे स्विमसूट मिळतात, ते चालतील का एवढं पूलवर आधीच विचारून ठेवा म्हणजे तिथे जाऊन पंचाईत नको. 5 ते 17 वयाला दिवसाला सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगितलीये, ती एकदम व्हायला हवी असं नाही, दहा-दहा मिनिटांनीही भरते आणि तिचा फायदा वजन न हललं तरी होतो, झोप, साखर, मूड सगळ्याला.

पीटीच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. दोन कॅप्टन उभे करून एकेकाला निवडायची पद्धत बंद करा, शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं, त्याऐवजी एक-दोन एक-दोन मोजून टीम पाडा, अर्धा मिनिट लागतं. ग्राउंडच्या फेऱ्या शिक्षा म्हणून देऊ नका, धावणं म्हणजे शिक्षा हे एकदा डोक्यात बसलं की आयुष्यभर निघत नाही. वजन-उंची सगळ्या वर्गासमोर मोजून आकडा ओरडून सांगू नका, पडदा लावा, आकडा पालकांना द्या. आणि गॅदरिंगमध्ये जाड मुलीला चांगलं नाचता येत असेल तर तिला पुढच्या ओळीत उभं करा, कोपऱ्यात झाड करू नका.

घरात जेवणाच्या ताटावर वजनाची चर्चा नको. वेगळं "डाएटचं" ताट तर अजिबात नको, घरातल्या सगळ्यांचं ताट एकच असू दे, भाजी, उसळ, ताक सगळ्यांना वाढा, कोल्ड्रिंक आणि फरसाणचा डबा कोणासाठीच आणू नका. भाऊ बारीक आहे म्हणून त्याला चिप्स आणि हिला काकडी यातून फक्त कडवटपणा येतो. मोंजारो, वेगोवी ही वजनाची इंजेक्शनं 2025 पासून भारतात मिळायला लागलीत आणि कॉलेजच्या पोरांपर्यंत ती जिम आणि व्हॉट्सॅपवरून पोचतायत. ती खरी औषधं आहेत, काहींना खरोखर गरजेची, पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय नाही. पोरगं खोलीतून बाहेर यायचं बंद झालं असेल, स्वतःबद्दल वाईट बोलत असेल, लपूनछपून खात असेल किंवा खाल्लेलं ओकून टाकत असेल तर तो मनाच्या डॉक्टरचा विषय आहे, टेलीमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात.

आणि एक शेवटचं, जे सुटलं तर खरंच महागात पडतं. दहा ते पंधरा-सोळा वयाचं जड मूल लंगडायला लागलं, गुडघा किंवा मांडी दुखते म्हणालं, तर "वजन कमी कर म्हणजे थांबेल" म्हणून सोडून देऊ नका. या वयात खुब्याच्या हाडाचा गोळा वाढीच्या जागेवरून सरकू शकतो, जास्त वजनाच्या मुलांत हे जास्त होतं, आणि फसवं असं की दुखतं बऱ्याचदा गुडघ्यात. उशीर झाला तर खुबा कायमचा बिघडतो. त्याला चालायला लावू नका, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे न्या आणि नुसत्या गुडघ्याचा एक्स-रे काढत असतील तर खुब्याचाही काढायला सांगा.